चाग्रेसचं जंगल आणि एंबेरा गाव: एका दिवसाची सहल करावी का?

वनवाट: पनामा सिटीहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी चाग्रेस राष्ट्रीय उद्यानातल्या एंबेरा या आदिवासींच्या गावाची सहल बरेच जण आखतात. माझं मत: करू नये. गावात जेमतेम तीन तास मिळतात. त्यात स्वागताचे ढोल, नाच, तळलेला तिलापिया मासा, कच्च्या केळ्याचे पाताकोनेस (तळलेले चपटे काप) आणि मग टोपल्यांची विक्री. एरवी टी-शर्टात वावरणारी माणसं पाहुण्यांसाठी मण्यांचा साज चढवतात. जंगल दिसतं ते बहुतेक नावेतूनच. याला ओळख म्हणायचं?

नदीकाठ: असहमत. ही कुटुंबं मूळची पनामाच्या पूर्वेकडच्या दारिएन भागातली, नंतर चाग्रेसकाठी येऊन वसलेली. पनामा कालव्याला लागणारं पाणी या खोऱ्यातून येतं, म्हणून 1980च्या दशकात इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि शिकार, झाडतोड, विक्रीसाठीची शेती यांवर बंधनं आली. पाहुण्यांवर घर चालवायचं हे त्यानंतर त्यांनीच ठरवलं. ते बंद करा म्हणताना पर्यायही सांगा.

आणि टोपल्यांना नुसती 'विक्री' म्हणू नका. चुंगा या काटेरी ताडाच्या कोवळ्या पानांचे धागे सोलायचे, उन्हात पांढरे करायचे, त्यातले काही धागे वनस्पतींच्या रंगात उकळायचे. मग नागुआला या वनस्पतीच्या तंतूंच्या जुडीभोवती सुईने एकेक वेढा आवळत जायचं. मोठ्या टोपलीला कित्येक महिने लागतात. तिथे घासाघीस करणं मला तरी पटत नाही. अमेरिकी डॉलरच्या 1, 5, 10च्या नोटा न्या; बाल्बोआ या पनामाच्या चलनाची फक्त नाणीच असतात आणि कार्डाच्या भरवशावर राहू नका.

वल्हं: वाद चालू दे, पण जाणाऱ्यांनी नदी समजून घ्या. पिराग्वा म्हणजे एकाच ओंडक्यातून कोरलेली लांबट नाव. मागे मोटर, पुढे बांबू घेऊन तळ चाचपणारा माणूस. जानेवारी ते एप्रिल पाणी उतरतं, नाव गोट्यांवर टेकते आणि उतरून ढकलावी लागते. म्हणून पट्ट्यांच्या सँडल हव्यात, सपाता नकोत. मे ते डिसेंबर पावसाळा. वर डोंगरात कोसळला की गावात ऊन असतानाही पाणी झपाट्याने चढतं, त्यामुळे धबधबा पाहणं सकाळीच उरकून घ्या. लाइफ जॅकेट न देणाऱ्या नावेत बसूच नका.

हाग्वा या फळाच्या रसाने अंगावर नक्षी काढून देतात. लावताना फिकट दिसते म्हणून लोक आणखी गडद मागतात. दुसऱ्या दिवशी ती निळी-काळी होते आणि दहा-बारा दिवस साबणाने जात नाही. चेहऱ्यावर काढून घेण्याआधी विचार करा.

वनवाट: माहिती उत्तम, मुद्दा तसाच. दारिएनमध्ये एंबेरा आणि वोउनान या दोन आदिवासी समाजांची स्वतःची कोमार्का, म्हणजे सामूहिक जमिनीचा स्वशासित प्रदेश, 1983मध्ये झाली. चाग्रेसची गावं तिच्या बाहेर आहेत. जमिनीचा हा प्रश्न तीन तासांच्या नाचगाण्यात कुणाच्या कानावर पडतो? शिवाय क्रूझ बंदराला लागली की एकाच गावात गटामागून गट येतात.

नदीकाठ: गर्दीबद्दल सहमत. बुकिंगआधी दोनच गोष्टी विचारा: माणशी किती रक्कम गावाला मिळते आणि त्या दिवशी आणखी किती गट आहेत. उत्तर टाळलं तर दुसरा मार्गदर्शक शोधा. काही गावं थेट बुकिंग घेतात, मुक्कामाचीही सोय करतात. जमिनीबद्दल विचारायचं तर जेवणानंतर, स्पॅनिश जाणणाऱ्या मार्गदर्शकामार्फत गावच्या मुखियालाच विचारा.

वनवाट: मुक्काम असेल तर माझा विरोध नाही. एका दिवसाच्या सहलीला आहे, आणि राहील.