डायफ्रॅम पंप मधेच अडकतोय, एअर व्हॉल्व्हचं काय करू? मदत हवी आहे

मंडळी, अंधेरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, शाई ड्रममधून टाकीत चढवायला एक इंची हवेवरचा डबल डायफ्रॅम पंप वापरतो. पाऊस सुरू झाल्यापासून त्याने नाटकं चालू केलीत, दहा-पंधरा मिनिटं मस्त ठकठक चालतो आणि मग एका बाजूला जाऊन गप्प, सायलेन्सरमधून नुसती हवा फुसफुसत राहते. वरून हातोडीच्या दांड्याने टकटक केलं की परत चालू (हा उपाय आमच्या हेल्परचा, मला विचारू नका).

काल एअर व्हॉल्व्ह (पंपाच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून हवा देणारा) खोलला तर स्पूलवर, म्हणजे आत पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्यावर, पांढरट चिकट लगदा, पाणी आणि तेल घुसळून होतो तसा, आणि एक ओ रिंग चपटी झालेली. एफआरएलचा (हवेच्या लाइनवरचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) बाऊल अर्धा पाण्याने भरला होता, ड्रेन कोणी उघडतच नव्हतं, चूक आमचीच. डायफ्रॅम फाटलेला नाही, सायलेन्सरमधून शाई येत नाहीये. प्रेशर ५ बार.

आता प्रश्न असा की स्पूल धुवून फक्त ओ रिंगा बदलू की स्लीव्हसकट (स्पूल ज्यात सरकतो ती नळी) पूर्ण किट टाकू? स्लीव्हवर नखाला लागेल अशी बारीक रेघ आहे. आणि हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटर चालू ठेवायचा का? डीलर म्हणतो तेलाने आतलं ग्रीस धुऊन जातं, आमचा जुना फिटर म्हणतो तेलाशिवाय स्पूल मरतो. ग्रीस कुठलं लावता तेही सांगा, सोमवारी माल द्यायचाय.