मदत हवी आहे: हवेची गळती शोधायला साउंड कॅमेरा घ्यावा का?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. रविवारी सगळी मशीन बंद असतानाही कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेतो (पुन्हा हवा भरायला लागतो), म्हणजे हवा कुठेतरी गळतेय. साबणाचं पाणी लावून खालचे जोड तपासले, पण छताजवळच्या लाइनीपर्यंत हात पोचत नाही. देखभाल नसलेल्या प्लांटमध्ये २० ते ३० टक्के हवा अशीच वाया जाऊ शकते. विजेचं बिल बघून जीव तुटतो.

साउंड कॅमेरा म्हणजे आवाज कुठून येतोय ते बऱ्याच मायक्रोफोननी टिपून चित्रावर दाखवणारा कॅमेरा. फ्लुक कंपनीच्या आयआय९०० मॉडेलमध्ये ६४ मायक्रोफोन आहेत, फ्लिर कंपनीच्या एसआय१२४ मध्ये १२४. गळतीची जागा थेट स्क्रीनवर दिसते म्हणे. चालू मशीनच्या गोंगाटातही दिसते का? कुणी स्वतः वापरलाय? पुण्यात भाड्याने मिळेल का? कारखान्यांतून मागणी वाढतेय, तर किंमत उतरेपर्यंत थांबू, की आत्ता एकदा सर्व्हे करून घेऊ?