दवाखान्यात स्पीकरवर बोलणाऱ्याला कसं सांगावं?

सुभाषनगरची लेक:
मंगळवारी आईला ओपीडीत घेऊन गेले होते. आई ७४ वर्षांची, डाव्या कानानं जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे नंबरचा बोर्ड नाही, सिस्टर दारात येऊन नाव पुकारतात. मी औषधांच्या रांगेत होते, म्हणून आईला म्हटलं, नावाकडे लक्ष ठेव. तिच्या बाजूला एक काका स्पीकरवर गोंदियाच्या कोणाशी धानाच्या भावाचं बोलून राहिले होते, समोर एक मुलगा रील्स पाहत होता, तेच गाणं पुन्हा पुन्हा. सिस्टरनं दोनदा नाव घेतलं म्हणे. आईला कळलंच नाही. मग सगळ्यांच्या शेवटी नंबर लागला, अडीच वाजले. तिला शुगर आहे, उपाशी बसून हात थरथरायला लागले होते.

काकांना मी काही बोलू शकले नाही. पिकलेले केस, सोबत कोणी नाही. पण आपण गप्प बसलो याचा त्रास अजून होतो. एकदा मेट्रोत शंकरनगरच्या आधी एका मुलीला "इअरफोन लावा ना" म्हटलं, तर ती उठून दुसऱ्या डब्यात गेली. तेव्हाही मलाच वाईट वाटलं. तुम्ही अशा वेळी नेमकं काय बोलता?

मोबाईलवाला भाऊ:
ताई, बर्डीत अकरा वर्षं फोन दुरुस्त करतो. स्पीकरवर बोलणारे म्हातारे येतात, त्यातल्या कित्येकांचा फोनच बिघडलेला असतो. कानाला लावतो तिथल्या बारीक जाळीत धूळ, घाम, पावडर बसते. आवाज बारीक झाला की माणूस स्पीकर लावतो, मग तीच सवय पडते. कोरड्या मऊ ब्रशनं जाळी साफ करा. स्क्रीनगार्डनं ती झाकली असेल तर गार्ड बदला. सुई घालू नका, जाळी फाटते. पोरांच्या रील्सना मात्र हे कारण लागू नाही. त्यांना सांगायलाच पाहिजे.

निवृत्त दूरसंचारवाला:
भाऊंचं खरं आहे, त्यात एक जोडतो. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडा आपल्या कानात परत यायचा, त्यामुळे आपण किती जोरात बोलतोय हे कळायचं. मोबाईलमध्ये ते कमी आहे, आणि गर्दीत तर माणसाचा आवाज आपोआप चढतो. ओरडणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं. मी जवळ जाऊन अगदी हळू आवाजात बोलतो. समोरचाही हळू होतो.

अजनीचा प्रवासी:
महिन्यातून दोनदा विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला जातो. रेल्वेत रात्री १० नंतर मोठ्यानं बोलायला, इअरफोनशिवाय गाणी लावायला मनाई आहे. टीटीईला सांगता येतं, १३९ वर तक्रार करता येते. मला १३९ ची वेळ एकदाही आली नाही. "दादा, सकाळी उतरल्या उतरल्या कामाला लागायचंय, थोडं झोपू द्या," एवढंच म्हणतो. त्याची चूक काढत नाही, आपली अडचण सांगतो. तुमच्याकडे तर खरी अडचण होती, ताई. काका नक्की थांबले असते.

सुभाषनगरची लेक:
आज परत जायचं होतं. आधी सिस्टरना चिठ्ठी दिली, "कमी ऐकू येतं, कृपया हात दाखवून बोलवा." मग शेजारच्या बाई स्पीकरवर बोलत होत्या, त्यांना म्हटलं, "मावशी, माझ्या आईला ऐकू कमी येतं, तिचं नाव पुकारतील ते ऐकायचंय." त्यांनी लगेच फोन ठेवला आणि आईचं नाव काय म्हणून विचारलं. सिस्टर चिठ्ठी विसरल्या असाव्यात, नुसतंच पुकारलं. मावशींनीच आईच्या खांद्याला हात लावला.

भाऊ, बर्डीत तुमचं दुकान कुठं आहे? आईही हल्ली स्पीकरच लावते. आत्ता तिच्या फोनची जाळी पाहिली, पावडरनं पूर्ण भरलेली आहे.