‘ओरडली का नाहीस?’ याला काय उत्तर द्यायचं?

शेवंती:
माझ्या मावसबहिणीवर ओळखीच्याच माणसाने जबरदस्ती केली. परवा रात्री. तिने आधी मला सांगितलं, मग घरी. तेव्हापासून उलटतपासणी चालू आहे: एकटी गेलीसच कशाला, ओरडली का नाहीस, आणि काल सकाळी त्याच्या मेसेजला ‘ठीक आहे’ असं उत्तर कसं दिलंस? ती नुसती ओढणीची किनार उसवत बसलीये. मावशीला गप्प कसं करू? आणि हिच्याशी बोलू तरी काय?

तटस्थ_वाचक:
वाईट झालं. पण टाळी एका हाताने वाजत नाही. मुलींनीही जपून राहायला नको का?

रातपाळी:
तटस्थराव, टाळी वाजत नसेल, थोबाडीत एकाच हाताने बसते.

शेवंती, आधी घड्याळ बघा, मावशीचं नंतर. मी नर्स आहे म्हणून सांगते. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्ही टाळायची औषधंही ७२ तासांतच सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस. तक्रारीचं तिचं ती ठरवेल, औषधं त्यासाठी अडवू नका. आंघोळ झाली असली तरी तपासणी होते. त्या रात्रीचे कपडे कागदी पिशवीत घ्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो.

आता ओरडण्याचं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारांना आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ साली छापून आला. त्यातल्या ७० टक्के जणींचं त्या वेळी अंगच गोठलं होतं. हलता येईना, आवाज फुटेना. ते कोणी ठरवून करत नाही. आणि ज्यांचं असं झालं त्यांनाच पुढे नैराश्याचा त्रास जास्त झाला. ‘मी काहीच कसं केलं नाही’ हे त्या स्वतःलाच विचारत असतात, त्यात घरच्यांची भर कशाला? ‘ठीक आहे’चंही तेच. ओळखीचा माणूस चिडला तर आणखी काय करेल, या धास्तीने तसं लिहिलं जातं.

मावशी दुष्ट नसतील हो. पोरीची एखादी चूक सापडली, की ती टाळली असती तर हे घडलंच नसतं असं वाटून आईला धीर येतो. अशा आया मी खूप पाहिल्यात. त्यांना गप्प करत बसू नका, काम द्या. गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडे सोपवा.

तिला एवढंच म्हणा: सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे. तपशील खोदू नका. कुठे जायचं, सोबत कोण हवं, सगळं तिला विचारून.

शेवंती:
निघतोय. मावशीला आणायचं का विचारलं, तर हो म्हणाली. पण कपडे मावशीने बादलीत भिजवून ठेवलेत!

रातपाळी:
असू दे. आणखी धुऊ नका, पिळू नका. सावलीत वाळले की कागदात घालून कोणीतरी मागून आणेल. तुम्ही निघा.