मीराच्या हातातला भोपळा

भांडुप पश्चिम. सोसायटीचा ‘आई-बाबा-आजी’ ग्रुप

केतकी, सी ६०२. शनिवार, रात्री ९:४८
नमस्कार. मीरा काल साडेसहा महिन्यांची झाली. उष्टावण झाल्यापासून पेज, मुगाचं वरण, लाल भोपळ्याचं गरगट चमच्याने नीट खात होती. आता मात्र चमचा दिसला की तोंड फिरवते आणि आमच्या ताटातलं ओढते. म्हणून आज वाफवलेल्या गाजराचा तुकडा हातात दिला. तो चोखता चोखता तिला मोठी उबळ आली, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. दोन-तीन सेकंदांत तुकडा बाहेर आला आणि ती हसली, पण आई आणि मी दोघी थरथरत होतो. तेव्हापासून आईंनी सगळं परत मिक्सरमधून काढायला सुरुवात केली आहे. २६ आठवड्यांची रजा कधीच संपली, वरची बिनपगारी रजाही उद्या संपतेय. सोमवारपासून मीरा दिवसभर आईंजवळ. भाज्या हातात द्यायच्या की थांबायचं? द्यायच्या तर कशा?

अश्विनी, बी ७०४. रात्री ९:५५
थांबू नकोस गं. उबळ आमच्या आरवलाही यायची. सुनंदाताई नीट सांगतील, त्यांना वाचू दे.

सुनंदाताई, ए १०४. रात्री १०:१०
वाचलं. केतकी, महापालिकेच्या रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात मी २२ वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शालिनीताई, तुम्हीही वाचा. सोमवारपासून बाळाजवळ तुम्हीच असणार आहात.

उबळ येणं वेगळं आणि घास अडकणं वेगळं. आपली उबळ घशाजवळ येते, बाळाची जिभेवर बरीच पुढे येते. म्हणजे घास श्वासनलिकेपासून चांगला लांब असतानाच शरीर त्याला बाहेर ढकलतं. उबळ आलेलं बाळ आवाज करतं, खोकतं, लाल होतं. तेव्हा शांत बसायचं, बोट घालायचं नाही, पाठीवर थापट्या मारायच्या नाहीत. ते स्वतःच सोडवतं. मीराने आज तेच केलं.

घास अडकला की आवाज बंद होतो. खोकला नाही, रडू नाही, ओठ काळे-निळे पडायला लागतात. तेव्हा एक क्षणही वाट बघायची नाही. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा हाताने धरलेला. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ ठोके. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर ५ दाब. पुन्हा ५ ठोके. घरात दुसरं कोणी असेल त्याने तोवर १०८ लावायचा. घास डोळ्यांना दिसत असेल तरच बोटाने काढायचा. न दिसणाऱ्या घासासाठी बोट घातलं तर तो आणखी आत जातो.

हे वाचून येत नाही, हाताने करून बघावं लागतं. उद्या ११ वाजता खाली हॉलमध्ये या, मी बाहुलीवर दाखवते. आज्यांनी आणि सांभाळणाऱ्या मावश्यांनी आवर्जून यायचं.

सेक्रेटरी. रात्री १०:१४
उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवा. हॉल ११ ते १२ उघडून देतो, ताई.

शालिनी, सी ६०२. रात्री १०:२२
मीच मीराची आजी. एवढे दिवस ग्रुपवर फक्त वाचते, आज लिहिते. माझा हट्ट नाही हो मिक्सरचा. माझ्या चुलत भावाच्या घशात फुटाणा अडकलेला मी सात वर्षांची असताना पाहिलाय. शेजारच्या काकांनी उलटा करून पाठीत ठोके दिले म्हणून तो वाचला. ते डोळे अजून दिसतात. त्यामुळे आज गाजर बघून माझे हातपाय गेले. केतकी नसताना माझ्या हातून काही झालं तर?

सुनंदाताई. रात्री १०:२६
शालिनीताई, फुटाणा कडक आणि गोल. नळीत अडकायला त्याहून वाईट आकार नाही. फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाच्या फोडी लहान मुलांना द्यायच्याच नाहीत. तुमची भीती अगदी बरोबर जागी आहे. नीट वाफवलेला भोपळा मात्र हिरड्यांमध्येच चिरडला जातो, दात असोत की नसोत. उद्या नक्की या.

प्रशांत, डी २०५. रात्री १०:३५
केतकी, गाजर किती वाफवलं होतं? आणि केवढा तुकडा?

केतकी. रात्री १०:३६
कुकरला एक शिट्टी. गोल चकत्या.

प्रशांत. रात्री १०:५२
मग आकारातच अडचण झाली. आमचा ईशान आता दहा महिन्यांचा आहे आणि सकाळचं त्याचं खाणं मीच करतो, म्हणून अनुभवाने सांगतो. सहा-सात महिन्यांचं बाळ अख्ख्या मुठीने पकडतं. मुठीच्या आत गेलेलं त्याला खाता येत नाही, मुठीबाहेर जेवढं उरतं तेवढंच तोंडात जातं. म्हणून तुकडा आपल्या बोटाएवढा लांब आणि जाड हवा. चकत्या अजिबात नकोत. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलणं साधारण नवव्या महिन्याच्या आसपास जमतं. बारीक तुकडे तेव्हापासून.

मऊपणा तपासायला एकच खूण. तुकडा अंगठा आणि बोटामध्ये धरून हलकेच दाबायचा. सहज चिरडला पाहिजे, पण उचलताना मोडून पडायला नको. कुकरमध्ये हा मध्य सापडत नाही, एक तर कडक राहतं नाहीतर गाळ होतो. मी मोदकपात्र काढलं. जाळीवर भोपळा ७-८ मिनिटांत होतो, फरसबी शिरा काढून १०-१२, गाजर बोटाएवढं असेल तर १२ मिनिटं तरी, रताळं १५ पर्यंत जातं. फ्लॉवरचे तुरे दांड्यासकट वाफवा, दांडा धरायला मूठ होते. कोवळी भेंडी उभी चिरून वाफवली तर ईशानला सगळ्यात जास्त आवडायची, बुळबुळीत असूनही.

भोपळा हातातून निसटतो म्हणून बाळ चिडतं. भोपळ्याला भाजलेल्या नाचणीच्या पिठाचा अगदी पातळ थर लावायचा, किंवा तो नागमोडी सुरीने कापायचा. पकड येते.

परवाच्या आषाढीची रताळी घरात उरली असतील तर तीच आधी वापरा. आपल्याकडची बहुतेक पांढऱ्या गराची असतात. गोड लागतात, पोट भरतं, पण अ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा आणि गाजरच लागतं. त्यावर अर्धा चमचा तूप, कारण ते जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतं.

अश्विनी. रात्री ११:०५
माझी एक चूक सांगते, कोणी करू नये म्हणून. आरवला मी तीन-चार महिने गाजर, भोपळा, सफरचंद एवढंच देत राहिले. खायचा छान, म्हणून मीही खूश. दहाव्या महिन्यात तो मलूल वाटायला लागला, रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खूपच कमी. पोटातून येताना बाळ लोहाचा जो साठा आणतं तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं, हे मला तेव्हा कळलं. त्यामुळे भाजीबरोबर रोज डाळ, कडधान्य, पालेभाजी हवीच. तुमच्यात चालत असेल तर पूर्ण शिजलेलं अंडं, मासे, चिकनही. वर लिंबाचे चार थेंब पिळले की डाळ-पाल्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारी योजनेतून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली देतात. केतकी, पुढच्या लसीला जाशील तेव्हा डॉक्टरांना त्याबद्दल विचारच.

मी मग मुगडाळ तीन तास भिजवून, पालक घालून वाटायचे आणि आप्पेपात्रात लावायचे. सोडा, इनो काही नाही. आप्पे गोल असतात म्हणून तसेच द्यायचे नाहीत, उभे चार भाग करायचे.

केतकी. रात्री ११:०९
आणि मीठ? आमच्याकडे सगळे म्हणतात अळणी कसं खाईल पोर.

सुनंदाताई. रात्री ११:१२
एक वर्षापर्यंत मीठ नाही, साखर नाही, गूळही नाही. तिला अळणी म्हणजे काय हे ठाऊकच नाही, आपल्याला आहे. घरच्या भाजीतलं तिचं मीठ घालायच्या आधी बाजूला काढा. जिरं, हिंग, धणेपूड, कोथिंबीर चालते. मध तर बारा महिने अजिबात नको, उष्टावणातही चाटवायचा नाही. त्यातले जंतू बाळाच्या आतड्यात वाढून त्याला लुळं पाडू शकतात.

आणि पाऊस आहे. पालेभाजी वाहत्या पाण्यात पान न् पान धुवा. बाळाने हात लावलेलं उरलं की टाकून द्या, दुपारसाठी ठेवू नका.

मालतीकाकू, बी ३०१. रविवार, सकाळी ६:४०
रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. तुम्ही मुलं बोलता ते नवं नाही हो. आमच्याकडे मालवणात बसायला लागलेल्या पोराच्या हातात आंब्याची कोय द्यायचे, गर नीट खरवडलेली. तासभर चोखत बसायचं. शेवग्याच्या शेंगेचा गरही माझी आई बोटाने काढून पोराच्या तळव्यावर ठेवायची. हाताने खाणं आपल्या घरांतलंच आहे. मध्ये डबे आणि चमचे आले आणि आपण विसरलो.

शालिनी, तू खिमट करतेस ना? तेच घट्ट कर. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगडाळ धुवून, सुकवून, जिऱ्यासह खमंग भाजून भरड काढायची. एरवी आपण पातळ शिजवतो. त्याऐवजी वाटीभर भरडीला तीन वाट्या पाणी उकळायचं, त्यात दुधी आणि लाल भोपळा किसून घालायचा, मग भरड, आणि झाकण ठेवून मंद आचेवर मऊ होऊ द्यायचं. दुधी घालायचाच, नाहीतर टाळूला चिकटतं. तूप लावलेल्या ताटलीत थापून निवलं की बोटभर लांब कापं कापायची. थालिपिठापेक्षा मऊ, हातात धरता येतं, डाळ, तांदूळ, भाजी सगळं एकात. माझ्या तिन्ही नातवंडांनी यावरच हात बसवला.

प्रशांत. सकाळी ७:०२
काकू, हे मला का नाही सुचलं! आज करतो.

शालिनी. सकाळी ७:१०
वहिनी, खिमट मला डोळे मिटून येतं. हे जमेल. हॉलमध्ये येतेय मी ११ ला.

अश्विनी. सकाळी ७:३०
आणि शालिनीकाकू, तिने थुंकलं तर ‘आवडत नाही’ असं ठरवू नका. आरवने फरसबी अकराव्या की बाराव्या खेपेला गिळली. दोन दिवस सोडून परत एक तुकडा ठेवायचा, आग्रह नाही. किती खाल्लं ते मोजूही नका, या वयात निम्म्याहून अधिक पोषण दुधातूनच होतं.

सुनंदाताई. दुपारी १२:२०
१४ जण आले होते. शालिनीताईंनी बाहुलीवर चार वेळा केलं, शेवटच्या दोन वेळा मी काही सांगितलं नाही. एक राहिलं ते इथे लिहिते. बाळ सरळ ताठ बसलेलं असेल तेव्हाच खायला द्या. बाऊन्सरच्या झुलत्या खुर्चीत, मांडीवर आडवं किंवा रांगताना नाही. आणि आपण समोर बसायचं, हातात फोन नाही.

केतकी. सोमवार, सकाळी ८:२१
लोकलमध्ये आहे. मीरा झोपलेली असताना निघाले. डब्यात भोपळा, दुधी चिरून ठेवलाय, आई.

शालिनी. दुपारी १२:४४
जेवली. खिमटाची दोन कापं दिली होती. एक खाल्लं, एक कुस्करून केसांना, कानाला, माझ्या साडीला. भोपळ्याचं बोट चोखून चोखून संपवलं. मध्ये एकदा उबळ आली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आणि सहापर्यंत मोजलं. आवाज येत होता. तिने जिभेने पुढे ढकललं, बघितलं आणि तेच उचलून परत तोंडात घातलं.

केतकी. दुपारी १२:४६
आई. मी इथे डेस्कवर रडतेय. फोटो आहे का?

शालिनी. दुपारी १२:४९
नाही गं, ताईंनी फोन नको म्हटलं होतं. संध्याकाळी तू समोर बस, मी काढते. मालतीवहिनी, भरड संपत आली. तांदूळ जुनाच घ्यायचा ना? आणि भोपळा फार पाणी सोडतोय, तीन वाट्यांऐवजी पाणी थोडं कमी करू का?

मालतीकाकू. दुपारी १२:५५
अडीच कर. तांदूळ जुना. माझ्याकडे ताजी भरड आहे, पोराला घेऊन ये.