लँग्स्टन ह्यूज: कवितेपलीकडचा

अमेरिकी कृष्णवर्णीय लेखक लँग्स्टन ह्यूजची ओळख अनेकदा ‘हार्लेमचा कवी’ (हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) एवढीच करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण त्यात त्याची भटकंती आणि त्याचं गद्य दोन्ही राहून जातात, म्हणून थोडी भर.

१९२३ मध्ये तो मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून पश्चिम आफ्रिकेला गेला. पुढच्या वर्षी पॅरिसच्या एका नाइटक्लबमध्ये भांडी घासत होता. पहिला कवितासंग्रह आला तो त्यानंतर, १९२६ मध्ये.

१९३२ चा प्रवास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या चित्रपटासाठी एका गटाबरोबर तो मॉस्कोला गेला. चित्रपट बारगळला, पण हा सोव्हिएत मध्य आशियात ताश्कंद, बुखाऱ्याकडे वळला. तिथला कापूस पिकवणारा सावळ्या लोकांचा मुलूख तो सतत अमेरिकेच्या दक्षिणेशी ताडून पाहत होता. सोव्हिएत दडपशाहीकडे त्याचं दुर्लक्ष झालं हे खरंच. तरी वर्णभेद सोसलेल्या माणसाची ती नजर दुसऱ्या कुठल्या प्रवासवर्णनात सहज सापडत नाही. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीतून त्याने बाल्टिमोरच्या ‘आफ्रो-अमेरिकन’ या वृत्तपत्राला बातमीपत्रं पाठवली.

नाटकं, ऑपेराची गीतं, मुलांची पुस्तकं, स्पॅनिश कवी लोर्का आणि क्युबन कवी गियेन यांचे अनुवाद, सगळंच त्याने केलं. पण ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्रातल्या स्तंभातला त्याचा सिंपल, हार्लेमच्या बारमध्ये बसून वंशभेदावर बोलणारा साधा कामगार, जरूर वाचा. कवितांइतकंच ते लेखन मोठं आहे.