मदत हवी आहे: पादाकुलक (१६ मात्रांचं वृत्त) नीट बसलंय का?

पुण्यातल्या कवितावर्गात मात्रा शिकवायला ह्या चार ओळी रचल्यात:

पुण्यात आला श्रावण आला
मुठेकाठचा वारा न्हाला
वाड्यामधला पार उजळला
सर आली अन् श्रावण आला

प्रत्येक ओळ १६ मात्रांची, ८ वर यती (थांबा). पहिली अडचण 'पुण्यात'ची. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू (दोन मात्रांचं), हा नियम सरसकट लावला की ओळ १७ वर जाते. पण 'पुण्यवान' म्हणताना 'पु'वर आघात येतो, तसा 'पुण्यात'मध्ये येत नाही; म्हणून 'पु' लघु (एका मात्रेचा) धरून १+२+१+२+२ = ८ केलंय. ('वाड्या'त प्रश्नच नाही, 'वा' मुळात दीर्घ.) हे मुलांच्या गळी कसं उतरवायचं? टाळी देऊन?

खरी खोच दुसऱ्या ओळीत आहे. बेरीज बरोबर, पण मु १, ठे २, मग 'का' चौथ्या-पाचव्या मात्रेवर पसरतो आणि चार-चारचे गट फुटतात. बाकी तिन्ही ओळींत ते स्वच्छ पडतात. म्हणून बघा, केरव्यावर (चार-चार मात्रांच्या तालावर) इथेच अडखळायला होतं. ८+८ एवढंच पुरेसं मानून चालवावं, की मुठेला हलवावं?

यमकाचंही सांगा. आला–न्हाला जुळतं, 'उजळला'त मात्र 'ला'आधी आकार नाही. नुसतं शेवटचं अक्षर सारखं. मला ते कच्चं वाटतं, पण 'मधला–उजळला' हा आतला नाद सोडवत नाही. शिवाय शेवटी 'श्रावण आला' हा आख्खा अर्धा चरण परत येतो, त्याला यमक म्हणू नये, पुनरावृत्तीच म्हणावी ना?

तिसऱ्या ओळीसाठी १६ मात्रांचा पर्याय सुचला तर लघु-गुरू मांडूनच टाका.